बिनमाणसाचं नाव

३ डिसेंबर

मेघाचे दिवस भरत आलेत आणि घरात रोज नावांचा बाजार भरतो. रीतीप्रमाणे बाळाचं नाव आत्या ठेवते. या घरात आत्या एकच आहे, ती म्हणजे मी, त्यामुळे खरं तर चर्चेची गरजच नाही. तरी श्रीधर जेवताना मोबाइल समोर धरून नावं वाचतो आणि मी ऐकून घेते. धाकटा भाऊ असला तरी शेवटी बाप होणार आहे तो.

आज त्याने 'मीरा'पासून सुरुवात केली. मी म्हटलं, अरे, मागच्याच आठवड्यात एका मीराबाईंच्या मृत्यूचा दाखला दिला मी. तीन मुलगे आले होते. तिघं खिडकीशी उभे, पण एकमेकांशी बोलायला तयार नाहीत, आणि प्रत्येकाला वेगळी प्रत हवी. असलं नाव आपल्या घरात कशाला? मग 'गार्गी'. आमच्या वर्गातली गार्गी माझ्याच वहीतून उतरवून पहिली आली होती. मग 'केया'. या वर्षी मी इतक्या केया नोंदवल्या आहेत की आमच्या नंदनवन भागातल्या बगीच्यात कोणी केया म्हणून हाक मारली तर सगळे झोके रिकामे होतील. मुलगा झाला तर 'उन्मेष' चालेल का, असं त्याने विचारल्यावर आईने घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. उन्मेष मला बघायला आला होता. दोन प्लेटा पोहे खाऊन गेला आणि नकारसुद्धा कळवला नाही.

मेघा हसायला लागली. म्हणाली, "ताई, तुम्हाला एखादं तरी नाव बिनमाणसाचं माहीत आहे का?"

मी म्हटलं, आमच्या महापालिकेच्या झोन ऑफिसात जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसून बघ. नावं एकटी येत नाहीत, माणूस घेऊनच येतात.

आई म्हणाली, "तुह्या मनात असंन एखादं, तर सांग न वं."

मी नाही म्हणाले. मनात असणं वेगळं आणि सांगण्यासारखं असणं वेगळं.

९ डिसेंबर

विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं, त्यामुळे अर्धे रस्ते बंद आणि उरलेल्या अर्ध्यांवर मोर्चे. स्कूटर हातात धरून मी दोन चौक चालले. घरी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. चपला काढत होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

श्री म्हणत होता, "मग विचारूनच टाकू का ताईले?"

आई म्हणाली, "नोको. तिच्या तोंडून येऊ दे. आपण मागतलं तर ती देऊन टाकन रे, अन् मग आतल्या आत कुढत बसन. ओळखतो न मी तिले."

मग मेघा काहीतरी हळू बोलली. मला बघितल्यावर तिघंही एकदम थंडीवर बोलायला लागले.

मी चहा घेतला, काही दाखवलं नाही. पण विचार केला की माझ्याकडे मागण्यासारखं आहे काय? एक चेन आहे, एक स्कूटर आहे आणि मधली खोली आहे. चेन आईनेच दिलेली. स्कूटर सकाळी लाथा मारल्याशिवाय सुरू होत नाही. राहिली खोली. पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन, बाळाला अंगावर घेऊन बसायला अगदी बरोबर. उघड आहे सगळं. आणि मी स्वतःहून म्हणावं अशी यांची अपेक्षा, म्हणजे पुन्हा चांगुलपणा तेवढा यांच्या पदरात.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी नोकरीला लागले तेव्हा श्री तेरा वर्षांचा होता. त्याच्या इंजिनिअरिंगच्या फिया त्याच खोलीत बसून मोजल्या. पण हे काही मी बोलणार नाही. मला बोलून दाखवायची सवय नाही.

११ डिसेंबर

आमच्या ऑफिसातले शिपाई बाबाराव यांच्या मेहुणीची सक्करदऱ्याला वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. जेवणाच्या सुट्टीत बघून आले. बाबाराव वाटेत सांगत होते, "मॅडम, तलावाचा व्ह्यू हाये." आहे. बाथरूमच्या झरोक्यातून, बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं तर दिसतो.

घरमालकीण म्हणाली, "एकट्याच राहाल का?" मी हो म्हटलं. मग तिने अगदी मायेनं विचारलं, "काहून?"

बाबारावच म्हणाले, "ऑफिस जवळ पडते न." सक्करदरा आमच्या ऑफिसपासून नंदनवनपेक्षा लांब आहे. तरी ती समाधानाने मान डोलावत होती.

१२ डिसेंबर

मुलगी.

श्रीची पहिली पाळी होती. हिंगण्याहून फॅक्टरीच्या कपड्यांतच धावत आला. तोपर्यंत तिला मीच घेतलं होतं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "बाळाची आत्या कोण?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. का केला कोण जाणे, तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

मनगटावरच्या पट्टीवर फक्त 'मेघाचं बाळ' लिहिलं आहे. तिने माझं बोट धरलं. सगळीच बाळं धरतात, त्यात विशेष काही नाही. हात अवघडला तरी मी सोडवून घेतला नाही.

मला फार आनंद झाला आहे. आणि आनंदाच्या खाली आणखी काहीतरी आहे, ते मी आज लिहिणार नाही.

२० डिसेंबर

मेघाची आई नाही आणि माहेर गोंदियाला, म्हणून बाळंतपण इथेच. मालिशला भागीरथाबाई येते. तिचा हात चांगला आहे आणि तोंड त्याहून चांगलं चालतं.

आज जेवताना श्री ताटाकडे बघत म्हणाला, "गुरुजीनं पत्रिका पाह्यली. 'भ' आलं, ताई. 'भ'वरून ठेवा म्हणे."

मी म्हटलं, "भाग्यश्री नको, आमच्या रोखपाल बाई आहेत, सुट्टे मागितले की डोळे वटारतात. भावना नको, पेन परत करत नाही. राहिली भागीरथा."

बाई तेलाची वाटी घेऊन दारातच होती. "नोका बाप्पा! माह्यं नाव ठेवसान तर पोरगी जल्मभर दुसऱ्याच्या लेकरायले तेल लावत बसन."

"अजून, ताई?" मेघाने विचारलं. "आठवून बघा ना. 'भ'वरून."

तिघंही जेवायचे थांबले होते. आईच्या हातातला घास हातातच. एका अक्षरासाठी इतकं कोणी थांबतं का?

मी म्हटलं, "'भ'वरून दुसरं काही नाही."

श्री अर्ध्या ताटावरून उठून गेला. झोप नाही ना त्याला, चिडचिडा झालाय.

२२ डिसेंबर

गुरुजींना सहज फोन केला, बाबांच्या श्राद्धाला तेच येतात. ते म्हणाले, "'भ' कोणी सांगितलं? मी 'प' सांगितलं होतं." म्हणजे श्रीने नीट ऐकलंसुद्धा नाही. शाळेतही त्याचं हेच होतं. घरी मी काही बोलले नाही, उगाच बाळंतिणीसमोर वाद नको.

दुसरी गोष्ट. संध्याकाळी श्री बाइकच्या मागे भला मोठा खोका बांधून आला आणि कोणाला काही न बोलता माळ्यावर चढवला. विचारलं तर म्हणाला, "कंपनीचं सामान हाये, ताई. हात नोको लावू." कंपनी गाड्यांचे रबरी पाइप बनवते. एवढ्या खोक्यात कसले पाइप? मला वाटतं घडीचा पलंग आहे. माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच बसेल असा.

२८ डिसेंबर

रविवार. श्री आणि मेघा डॉक्टरांकडे टाके दाखवायला गेले, आई देवळात. बाळ माझ्याकडे. रडायला लागली म्हणून खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि गुणगुणायला लागले. थोड्या वेळाने लक्षात आलं की आपण काय गुणगुणतोय, आणि थांबले. तर ही पुन्हा रडायला लागली.

आज लिहूनच टाकते. वही माझी आहे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आईला दिवस गेले. बहीण होणार हे मी ठरवून टाकलं होतं, आणि तिचं नावही. बाबा सकाळी रेडिओ लावून दाढी करायचे. एकदा मी विचारलं, गाणं संपताना शेवटी हे काय म्हणतात? ते म्हणाले, "भैरवी. तिच्यानंतर दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही, म्हणून ती शेवटी." मला ते फार आवडलं. ज्याच्यानंतर दुसरं काही नको, असं नाव.

झाला श्रीधर. मी हार मानली नाही. माझा जुना फ्रॉक घालून त्याला भैरवी म्हणायची, आणि दोन वर्षांचा होईपर्यंत तो त्या नावाला ओ द्यायचा. पाहुण्यांसमोर त्याने ओ दिली त्या दिवशी आईने मला पाठीत धपाटा घातला. मग मी सांगितलं, ठीक आहे, हे नाव माझ्या मुलीला ठेवीन. पुढे श्री शाळेत जायला लागल्यावर आमचं ठरलं की तो तिचा मामा आणि मामा तिला लाल सायकल घेऊन देणार. त्याने शप्पथ घेतली होती, गळ्याला हात लावून. बालवाडीतलं पोर ते, त्याला आज काय आठवणार.

मग बाबा गेले. नोकरी लागली. बघायला येणारे आले, पोहे खाऊन गेले, नंतर यायचे थांबले. ते नाव वापरायचं राहून गेलं, इतकंच.

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या नावाचा मला काय उपयोग? काही नाही. पण म्हणून ते उचलून देऊन टाकता येत नाही. ते एकदा दिलं की मला मुलगी नाही हे पक्कं होईल. आत्तापर्यंत ते फक्त खरं आहे.

मेघाने विचारलं होतं, बिनमाणसाचं नाव माहीत आहे का? आहे. एकच आहे.

४ जानेवारी

मेघा हल्ली रोज सकाळी मोबाइलवर गाणी लावते आणि नेमकी शेवटी भैरवीच असते. मी म्हटलं, अगं, बाळाला झोपवायचं असेल तर दुसरं काही लाव. ती म्हणाली, "तुम्ही गुणगुणता तेव्हा लगेच झोपते, ताई." म्हणजे हिने ऐकलं कधी? भिंती पातळ आहेत. आणखी एक कारण खोली बदलायचं.

बारशाचं नाव ठरलं. 'ईशानी'. मीच सुचवलं. आजवर मला एकही ईशानी भेटलेली नाही, ना खिडकीच्या या बाजूला ना त्या. कोणी हरकत घेतली नाही. श्री म्हणाला, "तू म्हणशीन तसं." आई तांदूळ निवडत राहिली, निवडलेलेच पुन्हा. एवढं सुंदर नाव काढून दिलं, तर घरात जसं काही गॅस संपलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देऊन गोड बोलायचा दिवस, म्हणून आजच बोलून टाकावं असं ठरवलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत थांबले.

मी म्हटलं, "तुम्हाला माझ्याकडून काय हवंय ते मला माहीत आहे. तुम्ही मागायला संकोचता आहात. तर तुम्ही न मागता मीच देते."

श्री उभा राहिला. खरंच, जेवता जेवता उभा राहिला, उष्ट्या हाताने. आईने डोळ्यांना पदर लावला. मेघाने झोळीची दोरी सोडली आणि "ताई..." म्हणून माझा हात धरला. मला वाटलं, बघा, मनात होतंच यांच्या. निदान कृतज्ञ तरी आहेत.

मी म्हटलं, "मधली खोली तुम्ही घ्या. मी फेब्रुवारीपासून सक्करदऱ्याला राहायला जाते. जागा बघून ठेवली आहे."

मेघाने माझा हात सोडला. मग श्री म्हणाला, "खोली?"

"हो, खोली."

"तुले खोली कोणं मागतली वं ताई?" त्याचा आवाज चढला. "कोण बोललं खोलीचं? तुह्या खोलीत आम्ही कायले..." मेघा रडत होती आणि मधेच तिला हसूही फुटत होतं, ते काही मला आवडलं नाही.

मी म्हटलं, "मग काय मागणार होतात? मी माझ्या कानाने ऐकलंय."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी आई म्हणाली, "जेव आधी. कुठीच जायचं नाही. सक्करदऱ्याले म्हणे."

मी जेवले. पण मला उत्तर मिळालं नाही हे मी इथे नमूद करून ठेवते. घरात काहीतरी चाललं आहे आणि ते मलाच सांगायचं नाही असं सगळ्यांचं ठरलंय.

१८ जानेवारी

बारसं झालं. जसं झालं तसं लिहिते, कारण चूक माझी आहे.

पाळणा फुलांनी सजवला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. मी काठाची हिरवी साडी नेसले. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून दिलं-घेतलं, पाळण्यात ठेवलं आणि बायका म्हणाल्या, चला आत्याबाई. मी वाकले. रीतच आहे की आत्या कानात नाव सांगताना बाकीच्यांनी तिच्या पाठीत हळूच धपाटे घालायचे. भागीरथाबाई त्यात सगळ्यांत पुढे. हळू हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही.

बाळ टक्क जागी होती. लाल टोपरं घातलेलं, डोळ्यांत काजळ. माझ्याकडेच बघत होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, 'कुर्र' केलं आणि ईशानी म्हणणार, तेवढ्यात पाठीत दणका बसला. नेमका आईच्या जुन्या धपाट्याच्या जागी. आणि तोंडून निघून गेलं, भैरवी.

मी तशीच वाकलेली राहिले. कोणी ऐकलं नव्हतं. उभं राहून ईशानी म्हटलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्या कागदावर दुसरं घेऊन येणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर खिडकीवरून परत पाठवत आले. पोरीच्या कानात एक आणि जगात दुसरं, हे माझ्याच्याने झालं नाही. आणि खरं सांगायचं तर, ते नाव एकदा तिच्या कानात गेल्यावर मला ते तिथून काढून घ्यावंसं वाटेना. तिला इतकं शोभत होतं की मला रडू आलं.

"काय ठेवलं, आत्याबाई?" बायका विचारत होत्या.

मी सरळ झाले आणि म्हटलं, "भैरवी."

आईने बसल्या जागी हात जोडले. मेघाने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. बाळंतिणीने असं करू नये, चक्कर येते. श्री मात्र तडक आत निघून गेला. मला वाटलं चिडला, ठरलेलं नाव बदललं म्हणून. मी त्याच्या मागे जाऊन सांगणार होते की अरे, चुकून झालं. तोवर माळ्यावरून धडधड आवाज आला आणि श्री तो खोका घेऊन बाहेर आला. बायकांमधून वाट काढत त्याने तो माझ्यासमोर ठेवला आणि फाडला.

लाल सायकल. मागे दोन छोटी चाकं लावलेली.

"मामा होणार होतो, बाप झालो," तो म्हणाला. "पण शप्पथ घेतली होती न, ताई."

गळ्याला हात लावून उभा होता, एवढा मोठा घोडा. मी त्याला म्हटलं, महिन्याच्या पोरीला सायकल आणतात का, अक्कल कधी येणार तुला? मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. बराच वेळ. आमच्या बाथरूममधून कसलाही व्ह्यू नाही, ते एक बरं.

म्हणजे त्याला आठवत होतं. पण २२ डिसेंबरला खोका आणला तेव्हा मी ते नाव ठेवणार हे त्याला कसं ठाऊक, हे काही मला कळलेलं नाही. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. योगायोग असतात, ते मान्य करायला हवं.

२० जानेवारी

बाबारावांना सांगितलं, मेहुणीला कळवा, खोली नको. ते म्हणाले, "मले माहीत होतं, मॅडम. बादलीवर चढून तलाव पाहाले कोण राह्यते?"

दुपारी गर्दी नव्हती. मेघाच्या बाळाची नोंद काढली आणि नावाचा रिकामा रकाना भरला. अक्षर न् अक्षर दोनदा ताडून बघितलं. बाबाराव चहा ठेवायला आले आणि मागून डोकावले. त्यांना माझी खोड माहीत आहे. म्हणाले, "भैरवी. या नावाचं कोण आठवते तुमाले? जिवंत का गेलेलं?"

मी म्हटलं, "हीच आठवते."

चहा घेतला. बिनमाणसाचं असं एकच नाव माझ्याकडे होतं. आता तेही नाही.